पोटदुखीच्या नोंदी कोण वाचणार?

दिवाळीची सुट्टी संपल्यावर बीड जिल्ह्यातल्या आमच्या आष्टी तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत जा आणि हजेरीपट मागून घ्या. ऑक्टोबरचं पान भरलेलं असतं. नोव्हेंबरचं पान उलटलं की लाल शाईतले 'गै' सुरू होतात आणि खाली खाली वाढतच जातात. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेले असतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. काही लेकरं त्यांच्यामागं गेलेली असतात. जी मागं राहतात ती आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. बावीस वर्षं मी हे पान बघत आले आहे आणि बावीस वर्षं आम्ही त्यात तेच ते शोधत आलो: पट किती, उपस्थिती किती टक्के, शाळाबाह्य किती. मागं राहिलेलं लेकरू पटावर 'हजर' असतं. म्हणून त्याची काळजी नाही, असा आमचा सगळ्यांचा समज.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात सहावीला एक मुलगा होता. मधल्या सुट्टीत खिचडीच्या ओळीत उभा राहायचा, ताट भरून घ्यायचा आणि तसंच ठेवून द्यायचा. मग पोट धरून बाकावर डोकं टेकायचा. मी त्याला घरी पाठवायचे. बरं नसलेल्या पोराला घरी पाठवावं, एवढंच मला सुचायचं. संक्रांतीनंतर एकदा त्याच्या घरी गेले. आजीनं कोनाड्यातून प्लास्टिकची पिशवी काढली. तीत रेशनकार्ड, आधारकार्डं आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे सहा केसपेपर घडी करून ठेवलेले. सहाही कागदांवर तारीख वेगळी, तक्रार एकच: पोटदुखी. गोळ्याही त्याच. आजी म्हणाली, "बाई, पोटात काई नाही त्याच्या. माय गेली तसं जेवंनाच झालंय लेकरू. रातचं उठून दारात बसतंय."

आजीला आजाराचं नाव सांगता येत नव्हतं, पण कारण माहीत होतं. आरोग्य केंद्राकडं तारखा होत्या. माझ्याकडं हजेरीपट होता. स्थलांतरित कुटुंबांची यादी केंद्रप्रमुखांकडं, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या प्रमुखांकडं, होती. चौघांनी चार बाजूंनी एकच लेकरू बघितलं होतं आणि चौघांची गाठ कधी पडली नव्हती.

शाळेतल्या मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी आकडेवारी वापरा, असं हल्ली पुष्कळ बोललं जातं. मी त्याच बाजूची आहे. माझा वाद आहे तो मोजायचं काय यावर. लेकराचं मन किती बिघडलंय हे मोजायची घाई झाली आहे. त्या लेकरापर्यंत मदत पोचली का, कुणापर्यंत पोचली नाही आणि वाटेत कुठं अडली, हे कुणी मोजत नाही. मराठवाड्यात आधी हे दुसरं मोजायला हवं.

देशात मोजणी झालीच नाही असं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं, महानगरांत १३.५ टक्के, ग्रामीण भागात ६.९ टक्के. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. तरी हा ६.९ चा आकडा आमच्याकडं येऊन पोचतो आणि त्याच्यावर एक वाक्य चिकटवलं जातं: "खेड्यातली पोरं काटक असतात, त्यांना कसलं डिप्रेशन!" हे वाक्य मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात ऐकलंय, एसटीत ऐकलंय, घरच्या जेवणाच्या पंगतीत ऐकलंय. आकडा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, तेवढा माझा अभ्यास नाही. पण आमच्या गावात मन दुखत असलेलं पोरगं आधी कुठं जातं ते मला माहीत आहे. ते डोकं दुखतंय म्हणतं, कसंतरी होतंय म्हणतं, करमंना म्हणतं. मुलगी असेल तर तिला 'बाहेरचं लागलं', 'भानामती झाली' असं घरचेच ठरवतात. अंगारा होतो, उतारा होतो, अमावस्येला फेरी होते. यातली एकही नोंद कुठल्या सर्वेक्षणात उमटत नाही.

एनसीईआरटीनं २०२२ च्या सुरुवातीला सहावी ते बारावीच्या जवळपास ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांना विचारलं. ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं कारण सांगितलं. खोटं काहीच नाही त्यात. पण अशा आकड्यावरून शाळांसाठी ठरतं काय? फेब्रुवारीत परीक्षेच्या ताणावर व्याख्यान. फेब्रुवारीत आमच्या शाळेतली निम्मी मुलं उसाच्या फडात असतात, आणि जी शाळेत असतात त्यांच्या डोक्यात परीक्षेच्या आधी तीन गोष्टी असतात: आई कधी येणार, बापानं मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली का, आणि आजी आजारी पडली तर मी कुणाकडं जायचं. सरासरीत ही लेकरं विरघळून जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याचं दिसतं. त्यांत महाराष्ट्रातले १,७६४, सगळ्या राज्यांत जास्त. काळीज हलवणारा आकडा आहे. पण राज्याच्या त्या एका ओळीवरून आष्टीच्या किंवा जालन्यातल्या मंठ्याच्या मुख्याध्यापकानं उद्या सकाळी काय करायचं, ते कळत नाही.

मोजल्यानं फरक पडतो, हे मात्र बीड जिल्ह्यानं डोळ्यांनी पाहिलं आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जातात, हे गावोगावी सगळ्यांना ठाऊक होतं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि १३ हजारांवर बायकांची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. तोवर ती ज्या त्या बाईची खासगी गोष्ट होती. आकडा आल्यावर विधानभवनात त्यावर बोलावं लागलं. त्याच बायकांची लेकरं आमच्या वर्गात बसतात. त्यांच्या मनाचं काय होतं, याची अशी पाहणी झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आता जी मोजणी होते ती कशी होते ते सांगते. एका वर्षी वरून लिंक आली: इयत्ता सहावीच्या पुढच्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यावी, संध्याकाळपर्यंत शंभर टक्के. शाळेत चालू फोन दोन, एक माझा आणि एक सरांचा. मुलं ओळीनं आली. 'तुम्हाला उदास वाटते का?' एका मुलीनं विचारलं, "बाई, उदास म्हंजे काय लिवायचं?" मी म्हटलं, मन लागत नाही का, करमत नाही का. ती मागं ओळीकडं बघून हसली आणि म्हणाली, "नाही लिवा." तिच्यामागच्या सगळ्यांनी 'नाही' सांगितलं. पोरं बरोबरच वागली. वर्गासमोर, बाईंच्या फोनमध्ये, बाईंच्या हातानं आपल्या मनातलं कोण लिहून देईल? संध्याकाळी आमची शाळा शंभर टक्के भरली. आमच्या शाळेत एकही उदास मूल नाही, अशी नोंद आजही कुठल्यातरी सर्व्हरवर असेल.

यातून मी दोन गोष्टी धरून बसले आहे. ज्या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला मदत करणारा माणूस उभा नाही, तो प्रश्न लेकराला विचारू नये. लेकरानं धाडस करून 'हो' म्हटलं आणि त्यानंतर महिनोन्महिने कुणीच आलं नाही, तर ते पुन्हा कधी 'हो' म्हणणार नाही. दुसरी गोष्ट भाषेची. मुलांना विचारायच्या प्रश्नावल्या पुष्कळदा बाहेरून भाषांतर होऊन येतात. जगभर वापरली जाणारी पंचवीस विधानांची 'एसडीक्यू' इंग्लंडमध्ये तयार झाली. ती वाईट नाही. पण तांड्यावरच्या बंजारा लेकराची घरची बोली गोरमाटी असते, पुस्तकी मराठी त्याला शाळेतच भेटते. 'मला एकाग्र होता येत नाही' हे वाक्य त्याला कळलं नाही, तर त्याचं उत्तर मनाचं धरायचं की भाषेचं? अशा पोराला आम्ही शिक्षकांनीच वर्षानुवर्षं 'मंद' म्हणून मागच्या बाकावर बसवलंय. मीही बसवलंय.

मग मोजायचं काय? गेल्या वर्षी आमच्या केंद्रातल्या पाच शाळांनी मिळून साधी दोनशे पानी वही ठेवली. ॲप नाही, लिंक नाही. कुठल्या मुलाबद्दल काळजी वाटली, घरच्यांशी बोलणं झालं का, पुढं कुणाकडं पाठवलं, तिथं ते पोचलं का, दुसऱ्यांदा गेलं का. नावं ज्या त्या शाळेतच. महिन्याच्या बैठकीत फक्त गोळाबेरीज सांगायची: स्थलांतरित घरची किती, मुली किती, वाडी-तांड्यावरची किती, आणि यांपैकी कोण कुठल्या टप्प्यावर गळालं.

पहिल्याच दोन महिन्यांत वहीनं आम्हाला आमचंच तोंड दाखवलं. वहीत मुली जवळपास नव्हत्याच. होते ते सगळे मारामारी करणारे, खिडकीतून उडी मारणारे, उलट बोलणारे मुलगे. म्हणजे जे लेकरू आम्हाला त्रास देतं त्याचीच आम्हाला काळजी वाटत होती. गप्प बसलेली, वेणी घालून वेळेवर येणारी, धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत बसणारी मुलगी आमच्या लेखी 'गुणाची' होती. आईबाप फडात गेल्यावर सहावी-सातवीची मुलगीच घर चालवते: पाणी, भाकरी, म्हातारीची औषधं. तिच्या गप्प राहण्याची नोंद होत नाही. पुढं एक दिवस तिचा बाप दाखला मागायला येतो, तेव्हा कळतं की लग्न ठरलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के आहे. बीडमध्ये ते ४४ च्या घरात आणि परभणीत ४८. ज्या जिल्ह्यात हे प्रमाण इतकं आहे, तिथं सातवी-आठवीतल्या मुलीची सलग आठ दिवसांची गैरहजेरी हा मनाच्या आरोग्याचाही आकडा धरला पाहिजे. त्यासाठी नवी माहिती गोळा करायची गरज नाही. हजेरीपट मुलगे-मुली असा वेगळा काढून वाचायचा आहे, एवढंच.

दुसरी गळती दिसली ती अंतराची. पुढं पाठवायचं म्हणजे बीडचं जिल्हा रुग्णालय, कारण कागद जिल्ह्याचा आहे. आष्टीच्या माणसाला बीडपेक्षा नगर जवळ पडतं. बाजार नगरला, दवाखाना नगरला, २०२२ मध्ये रेल्वे आली तीही आधी नगरहून आष्टीपर्यंतच. पण नगर हा दुसरा जिल्हा, दुसरा महसूल विभाग. तिकडं गेलेल्या मुलाची नोंद इकडं येत नाही, आणि बीडला जायचं तर आजीचा अख्खा दिवस, दोघांचं भाडं आणि शेळ्या कुणाकडं सोडायच्या हा प्रश्न. वहीतली बहुतेक मुलं याच टप्प्यावर गळाली. कागदावर बघणारा म्हणेल, पालक उदासीन आहेत. आजी उदासीन नव्हती. सहा वेळा लेकराला घेऊन आरोग्य केंद्रात चालत गेलेली बाई उदासीन कशी असेल? जिथं ती सहा वेळा गेली, तिथंच महिन्यातून एक दिवस समुपदेशक बसला असता तर प्रश्न सुटला असता. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही. मोठं रुग्णालय इथं व्हायला हवंच. पण शाळकरी पोराला बहुतेक वेळा रुग्णालय लागत नाही. ऐकून घेणारं शिकलेलं माणूस लागतं, आणि ते चालत जाण्याच्या अंतरावर लागतं.

इथं शंभरच्या आकड्याबद्दल बोललं पाहिजे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. त्याहून कमी पट असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करावी. निकाल मोलाचा आहे, मी तो दोनदा वाचला. पण आमच्या वाडी-वस्तीवरच्या शाळांचा पट तीस, चाळीस, साठ. शंभरच्या रेषेखाली कोण आहे ते बघा: तांडे, वस्त्या, डोंगरकडेच्या वाड्या. शहरातल्या हजार पटाच्या शाळेला माणूस मिळेल आणि इथं 'जोडणी' मिळेल, म्हणजे कदाचित भिंतीवर चिकटवलेला एक फोन नंबर. केंद्रातल्या सगळ्या लहान शाळांचा पट एकत्र धरला तर शंभर सहज ओलांडतो. तेव्हा शंभर मोजायचे ते केंद्राचे मोजा आणि केंद्राला एक माणूस द्या. शिवाय पट कुठल्या तारखेचा? सप्टेंबरच्या पटावर ठरवलेला समुपदेशक जानेवारीत कुणाला भेटणार? आमच्या मुलांचा वर्षभराचा ताण नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांत आहे, आणि त्यातही पहिले पंधरा दिवस नि आईबाप परत आल्यानंतरचे पंधरा दिवस सगळ्यांत नाजूक. परत आलेल्या आईला ओळख न दाखवणारं पोरगं मी पाहिलंय. या वेळापत्रकाची माहिती सरकारकडं आहे, हंगामी वसतिगृहाच्या प्रस्तावात आहे, स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून देतात त्या शिक्षण हमी कार्डात आहे. समुपदेशकाच्या दौऱ्याला ती कधी जोडली गेली नाही.

त्याच निकालात आणखी एक सूचना आहे: संस्थांनी नाव-ओळख गाळून नोंदी ठेवाव्यात आणि किती समुपदेशनं झाली, किती मुलांना पुढं पाठवलं याचा वार्षिक अहवाल द्यावा. अहवाल निघणारच असेल तर त्यात पाच ओळी जास्त घाला. एकूण पन्नास मुलांना मदत मिळाली, हे कळून माझं समाधान होत नाही. त्या पन्नासांत ऊसतोड घरची किती, मुली किती, अपंग किती, भटक्या समाजाची किती, आणि त्यांचं पटातलं प्रमाण काय, हे शेजारी शेजारी ठेवा. पटात चाळीस टक्के असलेली मुलं मदतीत पाच टक्के असतील तर अन्याय कुठं आहे ते कुणालाही दिसेल.

तहसीलच्या कपाटातल्या शेतकरी आत्महत्यांच्या फाइलींबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. विभागीय आयुक्तालयाच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी जीवन संपवलं. त्यांतले २६९ एकट्या बीड जिल्ह्यातले. प्रत्येक घटनेचा पंचनामा होतो, फाइल होते, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं 'पात्र' की 'अपात्र' ठरतं आणि पात्र ठरलं तर एक लाख रुपये. त्या फाइलीत सातबारा असतो, कर्जाचा तपशील असतो, वारसांची नावं असतात. म्हणजे घरात लेकरं किती आणि कुठल्या वयाची, हेही तिथं लिहिलेलं असतं. त्या लेकराच्या शाळेला मात्र सरकारकडून काहीच कळवलं जात नाही. गावातली शाळा असेल तर आम्हाला कळतंच. पण मूल मामाच्या गावी, आश्रमशाळेत किंवा तालुक्याच्या वसतिगृहात असेल तर दहाव्यानंतर ते परत वर्गात येऊन बसतं आणि गणिताच्या सरांना काही माहीत नसतं. गृहपाठ का केला नाही म्हणून ते उभं केलं जातं. आणि 'अपात्र' ठरलेल्या घराचं काय? तिथं तर एक लाखही नाहीत. बाप मात्र दोन्ही घरांतला गेलेला असतो. लेकराच्या दुःखाला पात्र-अपात्र असा रकाना नसावा. तलाठ्यानं, घरच्यांना विचारून, मुख्याध्यापकाला एक फोन करावा आणि त्याच आठवड्यात समुपदेशकाची भेट ठरावी, इतकी साधी मागणी आहे. ही माहिती ॲपवर टाकू नका. दोन माणसांत राहू द्या.

२०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनंतरही हेच झालं. खरडून गेलेली जमीन गुंठ्यांत मोजली गेली, वाहून गेलेली जनावरं मोजली गेली, पडलेल्या भिंती मोजल्या गेल्या. मोजायलाच हव्या होत्या. त्यानंतर आभाळ गडगडलं की दप्तर उचलून दारात उभी राहणारी दुसरी-तिसरीतली पोरं किती, ते आम्हा बायांनाच ठाऊक.

माहिती गोळा करण्याची भीतीही तितकीच खरी आहे, आणि ज्यांना ती वाटते त्यांचं चुकत नाही. आमच्याकडं पारधी समाजाच्या घरी वही घेऊन गेलं की बायका आत जातात. १८७१ च्या कायद्यानं ब्रिटिशांनी काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, माणसांच्या नोंदी केल्या, चौकीवर हजेऱ्या लावल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण नोंदवहीची भीती पिढ्यांच्या अंगात उतरलेली आहे. त्यांच्या लेकराच्या नावापुढं 'वर्तन समस्या' असं लिहून ते वर पाठवलं, तर ती ओळ त्याचा पिच्छा सोडणार नाही. आमच्या शाळेत सातवीत पारधी समाजाची एकच मुलगी आहे. समाज, लिंग आणि इयत्ता असे तीन रकाने भरले की नाव लिहायची गरजच उरत नाही. म्हणून शाळेबाहेर जो आकडा जाईल तो केंद्राचा किंवा तालुक्याचा असावा आणि दहाच्या खालचा कुठलाही आकडा उघड होऊ नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं गोपनीयतेचा हक्क दिला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायला पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पण ज्याचे पालक कर्नाटकात उसाच्या फडात आहेत त्याची संमती कोण देणार, आजीचा अंगठा चालेल का, याचं उत्तर मुख्याध्यापकाच्या हाती कुणीतरी लेखी द्यावं. आणि लेकराच्या मनाची नोंद त्याच्या शाळेतल्या कायमच्या ओळखक्रमांकाला तर कदापि जोडू नये.

लातूर, संभाजीनगर, नांदेडच्या शिकवण्यांबद्दल वेगळा लेख लागेल. इथं एवढंच सांगते. दहावीनंतर आमची हुशार मुलं तिकडं जातात. नीटच्या निकालानंतर चौकाचौकात गुणांसह फोटो लागतात. वर्षाच्या मध्यावर ट्रंक घेऊन घरी परतलेल्या, नंतर कुठंच दाखल न झालेल्या मुलामुलींचा आकडा कुणाकडं नाही. गावच्या शाळेनं दाखला दिलेला, शिकवणीनं पट कमी केलेला. दोन्हीकडून ते सुटलं. गुणांवरून तुकड्या पाडू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं शिकवण्यांनाही सांगितलं आहे. मधूनच सोडून गेलेल्यांचा आकडाही त्यांच्याकडून मागा.

माझे सहकारी मला म्हणतात, मॅडम, आधीच माहिती भरून जीव जातो, त्यात आणखी ही वही कशाला? खरं आहे त्यांचं. रोज किती मुलांनी खिचडी खाल्ली ते भरायचं, 'सरल' आणि 'यू-डायस' या ऑनलाइन प्रणालींत शाळेची माहिती भरायची, आधार जुळवणी आहे, मध्येच निवडणूक आहे. म्हणून मी नवा रकाना मागत नाही, असलेल्या रकान्यांची गाठ घालून मागते आहे. खिचडीचाच आकडा घ्या. रोज भरतो आपण तो. 'हजर पण जेवला नाही' हे त्यातूनच निघतं आणि माझ्या सहावीतल्या त्या मुलाबाबत ते तीन महिने रोज निघत होतं. दुसरे म्हणतात, आकडे नकोत, माणसं द्या. माणसंच मागते आहे. पण सरकारात माणसं पटावरून ठरतात, पदं संचमान्यतेवरून, म्हणजे पटानुसारच्या पदमंजुरीवरून, ठरतात. आकडा मागितल्याशिवाय माणूस मिळत नाही, हे आम्हा शिक्षकांइतकं कुणाला माहीत आहे? आकडा आपण मांडला नाही तर तो शहराच्या पटावरून मांडला जाईल.

तोवर जे आहे ते वापरू. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे आणि पालकसभेत आज्यांच्या फोनमध्ये स्वतः भरून दिला आहे. त्यावरून आमच्या तालुक्यातून किती फोन गेले, एवढा साधा आकडा जरी दर महिन्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या बैठकीत आला तरी कुठल्या गावात नंबर पोचलाच नाही ते कळेल.

तो सहावीतला मुलगा आता आठवीत आहे. उन्हाळ्यात आई आली की जेवतो, खेळतो, वजनही भरतं. यंदाही त्याच्या आईबापानं उचल घेतली आहे. मुकादम पैसे वाटतो तेव्हाच कुणाच्या घराला कुलूप लागणार हे अख्ख्या गावाला कळतं, म्हणजे दसऱ्याच्या किती तरी आधी. आमची यादी तयार आहे: घर कुठलं, लेकरू कुणापाशी राहणार, मागच्या हंगामात त्यानं किती दिवस ताट तसंच ठेवलं. नावं आमच्यापाशी राहतील, संख्या आम्ही तालुक्याला देतो. त्या बदल्यात समुपदेशकाच्या नोव्हेंबरच्या दौऱ्यात आमच्या केंद्राची एक तारीख हवी आहे, आणि ती बीडला नको, आमच्या आरोग्य केंद्रात हवी आहे.